मला तालुक्यातच वकिली करायची आहे

यंदा दिवाळीत गावी गेले तर पारावर एक आबाजी भेटले, त्यांनी विचारलं, "काय शिकून रायली बाई आता?" म्हटलं आबाजी वकिली, पाचवं वर्ष. "मंग जज व्हशीन का कलेक्टर?" म्हटलं नाही, आपल्या तालुक्याच्या कोर्टात वकिली करीन आणि जास्तकरून तहसीलमध्येच बसीन. आबाजींनी असं पाहिलं माझ्याकडे जशी मी नापास झाल्याची बातमी दिली. "त्या टिनाखाली? अर्जनवीस लोकाईसंग? त्याच्यासाठी अमरावतीले कायले गेली मंग?"

त्यांचं काही चुकलं नाही. आमच्याकडे शिकलेलं पोरगं म्हणजे एकतर एमपीएससीवालं नाहीतर पुण्याच्या कंपनीतलं. गावातले चार पोट्टे अमरावतीला अभ्यासिकेत बसून पाच पाच वर्षं झाली, त्यांच्याबद्दल अजून लोक "साहेब होणार हाय" असं म्हणतात, आणि मी परत येते म्हटलं की वाटते हिचं तिकडं काही जमलं नाही वाटते. मायलाही तेच वाटते, फक्त ती बोलून दाखवत नाही. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं सगळं, दर सुट्टीत पारावर उभं राहून समजावत बसणं काही होत नाही.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. तालुका मुद्दाम लिहत नाही, कारण पुढे ज्या ऑफिसबद्दल लिहिणार आहे तिथेच मला उद्या वकीलपत्र घेऊन जायचं आहे. साडेपाच एकर काळं वावर, त्यात पऱ्हाटी (म्हणजे कापूस), तूर, सोयाबीन, आणि विहिरीला पाणी टिकलं तर हरभरा.

बाबा गेले डिसेंबर २०१७ मध्ये. हरभऱ्याला ओलीत करायला रात्री गेले होते. ज्यांचं शेतीशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगते, शेतीपंपाची लाईन पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि त्या आठवड्यात आमची पाळी रात्रीची होती. पाय चिखलात, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि धुऱ्यावर साप. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. मी नववीत होते, भाऊ पाचवीत. एवढंच लिहते त्याबद्दल.

तेरवी व्हायच्या आधीच वारसान चढवायचा विषय निघाला. आमच्या भागात तलाठ्याला पटवारीच म्हणतात (आता सरकारनं त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं, पण पारावर कोणाच्या तोंडून मी ते अजून ऐकलं नाही). पटवाऱ्यानं काकाजींना, म्हणजे बाबांच्या भावाला, विचारलं वारस कोण. काकाजी म्हणाले, "पोरगा हाय ना." झालं. घरात माय होती, मी होते, आजी-आबा आधीच गेलेले होते, म्हणजे कायद्यानं आम्ही तीन वारस, तिघांचा सारखा हिस्सा. कागदावर चढला दहा वर्षांचा भाऊ, आणि त्याच्या नावाखाली "अ.पा.क." असं लिहून मायचं नाव. कोणाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं बरं का, काकाजी त्या काळात रोज आमच्याकडे दूध आणून देत होते. त्यांना खरंच वाटत होतं की वारस म्हणजे पोरगा.

फेरफार (म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावात बदल केल्याची नोंद) घेतल्यावर पंधरा दिवसांची नोटीस असते, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. ती चावडीवर चिकटवतात. आमच्या घरातलं तेव्हा कोण चावडीवर जाऊन वाचणार होतं, माय तर सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडली नाही.

मी सातबारा आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, अपघात विम्याच्या फॉर्मसाठी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना, सर्पदंश त्यात बसायचा, दोन लाख रुपये. कागदाची चळत घेऊन माय आणि मी झेरॉक्सच्या दुकानात उभ्या, आणि मी ते अपाक वाचून दुकानदाराला विचारलं, भाऊ हे कोणाचं आडनाव आहे? तो हसला. म्हणे आडनाव नाही बेटा, अज्ञान पालनकर्ता, म्हणजे पोरगा लहान आहे तोपर्यंत सांभाळणारी. मायनं ते ऐकलं आणि काही म्हटलं नाही. तिला त्यात काही विचित्र वाटलंच नसेल, ती तेवीस वर्षांची असल्यापासून सांभाळतच होती ना सगळं.

ते दोन लाख यायला दीड वर्ष लागलं, पण आले. माझी अकरावी बारावी त्यातच झाली.

आता दुसरी गोष्ट, जी मी कधीच विसरू शकत नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, जुलै २०१८, आमच्या शेजारच्या काकू स्वतःच्याच वावरात निंदण करत असताना त्यांना साप चावला. त्याही गेल्या. त्यांच्या माणसानं आमच्याकडूनच फॉर्म कसा भरायचा ते विचारून घेतलं, कागदं गोळा केली, आणि मग कळलं की काकूचं नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून त्या योजनेत बसत नाहीत. योजना तेव्हा फक्त खातेदाराला होती. तीस वर्षं त्या वावरात खुरपं घेऊन वाकलेली बाई, आणि सरकारी हिशोबात ती शेतकरीच नव्हती. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये नियम बदलला, खातेदार नसलेली घरातली आणखी एक व्यक्तीही धरायला लागले. म्हणजे काकू एक वर्ष लवकर मेली. हे वाक्य मी कॉलेजच्या एका भाषणस्पर्धेत म्हटलं होतं तर परीक्षकांनी नंतर बोलावून सांगितलं जरा सौम्य कर. नाही केलं. तिसरा नंबर आला, असो.

तर वकिली शिकायचं तिथून सुरू झालं. बारावीनंतर सीईटी दिली, अमरावतीला बीए एलएलबीला लागले. पहिल्या वर्षी मलाही वाटायचं हायकोर्ट, काळा कोट, नागपूर, मोठ्या मोठ्या पीआयएल. अमरावती म्हणजे पंजाबराव देशमुखांचं गाव, तेही बॅरिस्टर, १९२७ साली अंबादेवीचं मंदिर सगळ्या जातींना उघडावं म्हणून सत्याग्रह करणारे, आणि नंतर दिल्लीत कृषिमंत्री. असं काही वाचलं की अंगात येते आपल्याही. पण प्रत्येक सुट्टीत गावी आले की लोक जे कागद घेऊन यायचे ते सगळे एकाच जातीचे, सातबारा, आठ अ, फेरफार. कोणाच्या नवऱ्याला मरून नऊ वर्षं झाली आणि नाव अजून त्याचंच. कोणाचं नाव आहे पण इतर हक्कात. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, सातबाऱ्यावर एक इतर हक्काचा रकाना असतो, तिथे बँकेचा बोजा, विहीर असं काय काय लिहितात, आणि पूर्वी कितीतरी ठिकाणी विधवा बायांची आणि पोरींची नावंही तिथेच टाकून द्यायचे. बोजाच्या खाली माय.

नाव नसलं तर काय बिघडते असं मला हॉस्टेलमध्ये एकीनं विचारलं होतं, वावर तर घरचंच आहे ना. बिघडते असं. पीककर्ज नाही. पीएम किसान नाही. कापूस सीसीआयच्या (सरकारी खरेदीच्या) केंद्रावर न्यायचा तर सातबारा दाखवावा लागतो, नसला तर गावातल्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावात. कोणी दीर, कोणी पुतण्या वावर गहाण टाकून मोकळा झाला तर हिला नोटीससुद्धा येत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरात शेतजमिनीच्या खातेदारांमध्ये बाया साधारण १४ टक्के निघाल्या, आणि आमच्याकडे कोणत्याही वावरात जाऊन पाहा निंदणाला, वेचणीला सगळ्या बायाच दिसतात. मजुरीचंही तेच, आमच्या गावात यंदा निंदणाचे बाईला २५०, आणि फवारणीला, डवरणीला माणसाला ४००. काम हलकं-भारी असते म्हणतात. एक दिवस भर उन्हात वाकून निंदून पाहा म्हणावं.

कायद्याबद्दल गावात जे बोललं जाते ते ऐकून तर डोकं फिरते. एक काकाजी आहेत, त्यांचं ठरलेलं वाक्य, "त्या २००५ च्या कायद्यानं घरं फोडले." मी त्यांना दोनदा समजावलं. काकाजी, बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात पोरगी वारस आहे ते १९५६ पासून, हिंदू वारसा कायदा आला तेव्हापासून. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणलं होतं, ते अडवलं गेलं म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणि त्यानंतर त्याचे तुकडे तुकडे करून कायदे झाले त्यातला हा एक. २००५ मध्ये आलं ते असं की वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीतही पोरगी जन्मापासून पोराइतकीच हिस्सेदार. महाराष्ट्रानं तर तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, फक्त त्याआधी लग्न झालेल्या पोरी त्यात धरल्या नव्हत्या. आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्माच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की २००५ मध्ये बाप जिवंत असो नसो, पोरीचा हक्क जन्मानं आहे. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेच तं म्हणून रायलो, २००५."

माझी रूममेट बुलढाणा जिल्ह्यातली. तिची माय दरवर्षी दीक्षाभूमीला जाते, येताना आमच्या सगळ्या रूमसाठी पुस्तकं आणते, चिवडा नाही आणत, पुस्तकं. एकदा रात्री मी तिला हे सातबाऱ्याचं पुराण ऐकवत होते, किती अन्याय आहे वगैरे, आणि ती शांतपणे म्हणाली, "तुमचं भांडण सातबाऱ्यावर नाव लावायचं आहे. आमच्याकडे सातबाराच नाही." मी गप्प. तिचे आजोबा ई क्लासवर (म्हणजे गावाची गायरान जमीन, आमच्या वऱ्हाडात ई क्लासच म्हणतात) दोन एकर वहीत करायचे, दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला त्या काळापासून, आणि आजपर्यंत ते अतिक्रमणच आहे. दर काही वर्षांनी नोटीस येते. दादासाहेबांच्या नावानं योजना आहे, भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिराईत किंवा दोन एकर बागायत, आता शंभर टक्के अनुदानावर, आणि विधवा, परित्यक्ता बायांना आधी. कागदावर चांगली आहे. पण सरकार ज्या भावानं जमीन विकत घेते त्या भावानं विकायला कोणी तयार होत नाही, आणि कोणाला द्यायची हे कळलं की आणखीच होत नाही. ते दुसरं कारण फायलीत लिहिलेलं नसते.

त्या दिवसापासून मी "आम्ही शेतकऱ्यांच्या लेकी" असं सरसकट बोलणं कमी केलं. आम्ही दोघींनी ठरवलं आहे, एकाच टेबलवर बसायचं, ती ई क्लासचे कागद पाहील आणि मी वारसाचे. तालुका कोणता यावर अजून भांडण चालू आहे.

आता मायच्या नावाचं सांगते. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम आली, आधी बुलढाणा जिल्ह्यात आणि मग एप्रिलपासून राज्यभर, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. आमच्या गावात पटवारी खरंच फिरला, त्याचं कौतुक केलं पाहिजे, मीही अंगणवाडीत लॅपटॉप घेऊन बसले होते दोन दिवस, लोकांचे अर्ज भरून देत. बारा बायांची नावं लागली गावात. पण आमचीच केस त्यात बसेना, कारण आमच्याकडे वारस "चढलेला" होता, अर्धवट असला तरी. त्यासाठी फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, आणि सात वर्षांवर उशीर झाला म्हणून विलंब माफीचा अर्ज.

मी विद्यार्थी, मला उभं राहता येत नाही. म्हणून त्या टिनाखाली बसणाऱ्या एका वकील काकाजींकडे गेले. सत्तरीचे असतील. लोखंडी टेबल, त्याला सायकलची साखळी बांधून लिंबाच्या झाडाला कुलूप, एक स्टॅम्पपॅड, आणि फायलींना बांधायची लाल नाडी ते शर्टच्या खिशात ठेवतात. मायला त्यांनी खुर्ची दिली आणि मला उभं ठेवलं. अर्धा तास तिलाच विचारत होते, वावर कोण पाहते, बियाणं कोण आणते, धुऱ्यावरून कोणाशी भांडण आहे काय. माय आधी माझ्याकडे पाहून उत्तरं देत होती, मग त्यांच्याकडे पाहून द्यायला लागली. मला तेव्हाच वाटलं की हेच. पाच वर्षांच्या कॉलेजात कोणी हे शिकवलं नाही की अशिलाला आधी बसायला खुर्ची द्यायची असते.

भाऊ अठरा वर्षांचा झाला होता, त्यानं हरकत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र दिलं. (देताना म्हणाला, "मंग ट्रॅक्टरसाठी लोन कोण काढीन, तू?" म्हटलं तिघं मिळून.) काही महिने गेले, आणि नाव लागलं. सेतूवरून डिजिटल सहीचा सातबारा काढून आणला तर मायनं आधी हात पुसले, मग चष्मा शोधला, मग वाचलं. तिला वाटलं होतं बाबांचं नाव जाईल आणि तिथे तिचं येईल. तीन नावं एकाखाली एक पाहून म्हणाली, "तुहं बी हाय यात?" म्हटलं हो. "लग्न झाल्यावर?" म्हटलं तरीही. त्यावर ती काहीच बोलली नाही, आणि ते न बोलणं मला तेव्हा कळलं नव्हतं. दोन महिन्यांनी कळलं.

कारण त्याच अपिलासाठी वकील काकाजींनी सांगितलं होतं जुने फेरफार मुळापासून काढून आण. रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज केला. हातानं लिहिलेला जुना सातबारा मिळाला, आमचे आबा (बाबांचे वडील) वारल्यानंतरचा. त्यावर तीन नावं, काकाजी, बाबा आणि आत्या. आत्याच्या नावाला दोन्ही बाजूंनी कंस. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नाव कमी करायचं असलं की असा कंस करायचे आणि बाजूला फेरफार नंबर. तो फेरफार काढला. ऑगस्ट २००० ची तारीख. "बहिणीने भावांच्या हक्कात स्वखुशीने हक्क सोडल्याबाबत जबाब दिला", आणि खाली आत्याची सही, चौथी शिकलेल्या बाईची, एकेक अक्षर वेगळं उभं असलेली. मोबाईलमध्ये २००० चं कॅलेंडर काढून पाहिलं. राखीचा आठवडा.

मी ती नक्कल घेऊन वकील काकाजींकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली. "दस्त कुठं हाय?" दस्त नव्हताच. हक्कसोड पत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागते, पटवाऱ्यासमोर जबाब देऊन जमिनीतला हक्क जात नाही, हे मी स्वतः परीक्षेत लिहून आले आहे. "म्हणजे आत्याचा हिस्सा..." मी एवढंच म्हटलं. वकील काकाजी म्हणाले, "उभा करता येते. पंचवीस वर्षं झाले, मुदतीचा मुद्दा येईन, कब्ज्याचा येईन, समोरचा म्हणीन तोंडी वाटणी झाली होती. टिकन का नाही ते कोर्ट पाहीन. पण पोरी, हे केस लागली तं प्रतिवादी तुही माय होईन. आन तू."

आत्या दिग्रसकडच्या एका खेड्यात राहते. मामाजींचं (तिच्या नवऱ्याचं) दोन एकर हलकं रान, ती अजून दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते, साठीला आली तरी. माझ्या दहावीच्या निकालाला तिनं मला घड्याळ घेऊन दिलं होतं. त्या पैशांसाठी तिनं किती किलो कापूस वेचला असेल याचा हिशोब मी त्या दिवशी बसमध्ये केला, पूर्ण नाही केला, अर्ध्यात सोडला.

घरी आल्यावर मायला सांगितलं. ती आधी म्हणाली चूप बस. मग म्हणाली, "आमच्या वावरावर आमच्याच पोरीनं धोंडा टाकाव काय?" मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी लोकांच्या बायकांना अंगणवाडीत बसवून सांगत होते, सही करायच्या आधी वाचा, राखीच्या साडीवर हक्क सोडू नका, आणि ज्या वावरावर मी शिकले तेच तसं आलेलं. मला वाटत होतं मी बाहेर उभी राहून हे सगळं पाहते आहे. मी तर फेरफाराच्या आतच होते.

तिसऱ्या दिवशी सीतादही होती. बाहेरच्या लोकांना माहीत नसेल, कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी घरची बाई वावरात पूजा मांडते, दही-भाताचा नैवेद्य, पऱ्हाटीवर दही शिंपडायचं, मगच बोंडाला हात लावायचा. ती पूजा बाईच्याच हातची लागते. कापूस विकल्याची पट्टी मात्र माणसाच्या नावानं निघते, हे मी मायला दरवर्षी म्हणते आणि ती दरवर्षी मला म्हणते वावरात तरी वकिली करू नको. यंदा मी म्हटलंच नाही. पावसानं खालची बोंडं सडली होती, वरची तेवढी फुटलेली. तिनं दही शिंपडलं, पदरानं हात पुसला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भाऊबीजीले येणार हाय ते. सांगून टाक. मी नाही सांगणार."

आत्या आली. भाऊ नाही राहिला तरी ती येते, भाच्याला ओवाळते, काकाजींना ओवाळते. दुपारी जेवणं झाल्यावर माय भांडी घासायला मागच्या अंगणात गेली, एवढी भांडी नव्हती खरं तर. मी आत्याला खाटेवर बसवलं, कागद दाखवला. काय सांगायचं याची मनात चारदा तयारी केली होती, कलम वगैरे, त्यातलं काहीच आलं नाही तोंडातून. म्हटलं आत्या हे तुझं नाव. तिनं बोट ठेवलं. हळूहळू वाचलं, पहिलं स्वतःचं, मग आबांचं, मग आडनाव, माहेरचं आडनाव, जे तिनं पन्नास वर्षांत कुठे लिहिलं नसेल.

"आन हे दोन्हीकून वाकडं काय हाय?"

म्हटलं कंस. नाव कमी केलं की असं करत होते.

"मले तं वाटलं व्हतं नाव कधी लागलंच नाही. तुह्या बापानं म्हटलं सही कर, मी केली. त्या दिवशी मले लुगडं घेतलं व्हतं, जांभळं."

मी तिला सांगितलं की त्या सहीनं तुझा हक्क गेला असं कायदा म्हणत नाही, आणि हेही सांगितलं की कोर्टात गेलीस तर समोर आम्ही असू, आणि तुला जायचं असेल तर माझ्याकडून तुला सगळे कागद मिळतील पण वकील दुसरा करावा लागेल. तिनं ऐकून घेतलं. मागून भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

थोड्या वेळानं म्हणाली, "याची झेरॉक्स भेटते काय?"

गावात झेरॉक्स नाही, म्हणून मी माझ्याजवळची नक्कलच दिली तिला, मला दुसरी काढता येते. तिनं ती चार घड्या घालून आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, ती पिशवी बटव्यात, बटवा कमरेला. चारच्या बसनं गेली, अर्ध्या तिकिटावर. मायनं तिला शेव-चिवड्याची पिशवी आणि तुरीची डाळ दिली, दरवर्षी देते तेवढीच, मी पाहत होते.

त्याला आता तीन आठवडे झाले. आत्याचा दोनदा फोन आला, कापसाला काय भाव निघाला आणि भावाचं कॉलेज कसं चालू आहे. कागदाबद्दल ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. काल मायचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली आत्याचा फोन आला होता काय तुले. म्हटलं हो. काय म्हणे, असं विचारेल म्हणून मी थांबले, तर ती म्हणाली बरं मग, लाईन आली, मोटर लावून येतो, आणि फोन ठेवला.